पुण्यात नवं बिऱ्हाड थाटताना: काय नवं घ्यावं, काय जुनं

दोन वर्षांपूर्वी लातूरहून माझा भाचा नोकरीसाठी पुण्यात आला. वाकडला वन बीएचके फ्लॅट मिळाला, किल्ली हातात पडली आणि त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला: "मावशी, सोफा, पलंग, कपाट, डायनिंग टेबल सगळं मिळून एक लाख दहा हजार होतायत. हप्ते पाडून देतायत. घेऊन टाकू का?" पहिला पगारसुद्धा अजून व्हायचा होता. मी म्हटलं, आज चटई टाकून झोप, रविवारी मी येते. पुढच्या दीड महिन्यात त्याचं घर २६ हजारांत लागलं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं आजही वापरात आहे. तेव्हापासून मैत्रिणींची मुलं, पुतण्या, ऑफिसातल्या नव्या पोरी, सगळ्यांना मी हेच सांगत आले आहे. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

माझा नियम एकच आहे: जे अंगाला लागतं ते नवं घ्या, जे नुसतं उभं राहतं ते जुनं घ्या. गादी, उशी, गादीचा सोफा, पडदे हे नवं. पलंगाचा सांगाडा, कपाट, टेबल, मांडणी, पुस्तकांचं शेल्फ हे जुनं. कापड आणि फोम यांच्यात घाम, धूळ आणि ढेकूण मुरतात, ते धुऊन निघत नाहीत. लाकूड आणि लोखंड मात्र घासलं की पुन्हा उभं राहतं. तीस वर्षांच्या सागाच्या फळीवर सुताराने रंधा मारला की आतून निघणारा सोनेरी रंग एकदा बघाच.

बाजारात जाण्याआधी

आधी घरमालकांशी बोला. "काका, माळ्यावर काही जुनं पडलंय का?" एवढं विचारायला संकोच करू नका. पुण्यातल्या कितीतरी घरांच्या माळ्यांवर लोखंडी खाट, लाकडी स्टूल, एखादं टेबल वर्षानुवर्षं पडून असतं आणि वापरायला द्यायला मालकांची ना नसते. मात्र जे जे वापरायला मिळेल, ते ते भाडेकरारात लिहून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला हाच भाडेकरार, लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याच करारात पंखे, गिझर, कपाटं यांची यादी असते. कपाटाला आधीपासून ओरखडा असेल तर फोटो काढून मालकांना त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा. सोडताना डिपॉझिटमधून कापाकापी होते ती अशाच गोष्टींवरून. भिंतीत खिळे, ड्रिल चालतील का, तेही आत्ताच विचारा.

मग टेप घेऊन मापं काढा. खोलीची तर काढालच, पण दारांची, जिन्याच्या वळणाची आणि लिफ्टचीही काढा. बेडरूमचं दार बऱ्याच ठिकाणी जेमतेम अडीच फुटांचं असतं. सहा फूट उंचीचं कपाट लिफ्टमध्ये तिरकं बसत नाही, असं हमाल खाली उभे असताना कळलं तर मजले चढायचे वेगळे पैसे मोजावे लागतात.

मापं काढल्यावर एक सोपं काम करा. खडू घ्या आणि फरशीवर पलंग आखा. डबल बेडची गादी साधारण साडेसहा फूट बाय पाच किंवा सहा फूट असते, सिंगल सहा ते सव्वासहा फूट बाय तीन. त्या खडूच्या पलंगाभोवती दोन दिवस वावरा. दार उघडतं का, कपाटाचं दार पूर्ण उघडायला जागा राहते का, रात्री पाण्याला उठताना पाय अडखळेल का, सगळं कळतं. भाच्याच्या खोलीत सहा फुटी पलंग आखला तेव्हा बाल्कनीचं दारच उघडेना. पाच फुटांवर आलो.

आधी काय, मग काय

पहिल्या आठवड्यात गादी, उशी, बेडरूमच्या खिडकीला पडदा आणि दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या एवढंच घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कपाट आणि स्वयंपाकघरातली मांडणी. मग टेबल. पलंग त्यानंतर आला तरी चालतं, गादी जमिनीवर महिनाभर राहिली म्हणून काही बिघडत नाही. फक्त रोज सकाळी ती उभी करून ठेवा, खाली ओल धरते. सोफा सगळ्यात शेवटी. घरात राहायला लागल्यावरच कळतं की आपण जेवतो कुठे, लॅपटॉप घेऊन बसतो कुठे आणि पाहुणे खरंच किती येतात. बैठक हवीच असेल तर एक सिंगल गादी, वर सोलापुरी चादर आणि भिंतीला दोन लोड. कुणी मुक्कामाला आलं तर तीच गादी झोपायला होते.

शोधायचं कुठे

सगळ्यात चांगला माल बाजारात येतच नाही, तो सोसायटीतल्या सोसायटीत हात बदलतो. त्यामुळे पहिल्या दिवशीच वॉचमनकाकांना सांगून ठेवा आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहा. बदली झालेली माणसं शेवटच्या आठवड्यात पलंग निम्म्याहून कमी किमतीला सोडतात. कारण टेम्पो ठरलेला असतो आणि नव्या गावी तो पलंग मावणार नसतो. महिनाअखेर म्हणून महत्त्वाची. एप्रिल-मे मध्ये परीक्षा संपल्या की कर्वेनगर, कोथरूड, विमाननगर भागातली मुलं खोल्या सोडतात, तेव्हा स्टडी टेबल, खुर्च्या आणि लोखंडी खाटा स्वस्तात मिळतात.

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे मोठ्या फर्निचरपेक्षा किरकोळ गोष्टी घ्याव्यात: पितळी कड्या, बिजागऱ्या, जुनी कुलपं, स्टूल, आरशाची चौकट. लाकूड नवंच हवं असेल तर भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहे. मुंबईत घर लावणाऱ्यांसाठी जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, आणि जुन्या शिसवी-सागवानी वस्तूंसाठी चोर बाजारातली मटण स्ट्रीट. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांना नव्या फर्निचरसाठी उल्हासनगर जवळचं.

जुन्या मालाच्या दुकानात सकाळी उघडायच्या वेळेला जा. भवानीचं गिऱ्हाईक कुणी सहसा परत पाठवत नाही. नवं घेणार असाल तर पितृपक्षातले पंधरा दिवस लक्षात ठेवा. बरीच माणसं तेव्हा खरेदी टाळतात, दुकानात सामसूम असते आणि दुकानदार बसून बोलतो. दसरा आणि दिवाळी पाडव्याला तोच माणूस तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. दिवाळीच्या आधीच्या साफसफाईत लोक जुनं काढतात, तो मोसम वेगळा, आणि तुमच्या फायद्याचा.

ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवरून घेताना वस्तू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. "मी फौजी आहे, बदली झालीये, गाडीभाडं आधी टाका" असा मेसेज आला तर तिथेच थांबा. ही फसवणुकीची जुनी पद्धत आहे. आणि पुढे स्वतः काही विकायला काढलंत तर हे पाठच करा: यूपीआयवर पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत.

जुनी वस्तू पारखायची कशी

इथे वेळ घालवा. सोबत मोबाइलचा टॉर्च, टेप, एक जुनं एटीएम कार्ड आणि पांढरा रुमाल ठेवा.

जुन्या मालाचं दुकान असो वा कुणाचं घर, माझं पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, पुढून नको, मागून दाखवा." कपाटाला पुढून रंग मारलेला असतो. खरी हकीकत पाठीवर, तळाला आणि पायांच्या खाली लिहिलेली असते. लोखंडी कपाट असेल तर तळाचा पत्रा अंगठ्याने दाबा. गंजलेला पत्रा दबतो, पापुद्रे सुटतात. पोचे आले असतील तर हरकत नाही, त्यावरून किंमत पाडून मागता येते. पत्र्याचा गेज विचारा. आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ, म्हणजे २० गेज २२ पेक्षा जाड. दार उघडून सोडा, ते आपोआप झुलायला लागलं तर चौकट वाकलीये किंवा जमीन. कपाट सरकवून पुन्हा बघा. किल्ली चार वेळा फिरवा, दुसरी किल्ली आहे का विचारा. आपण सरसकट ज्याला "गोदरेजचं कपाट" म्हणतो, तसलं जुनं, जड लोखंडी कपाट चांगल्या अवस्थेत मिळालं तर डोळे मिटून घ्या. वाळवी, उंदीर, कशाचीच चिंता नाही.

लाकडाचं पहिलं परीक्षण बोटाच्या पेराने. ठोका. भरीव लाकूड ठणठणीत वाजतं, वाळवीने आतून खाल्लेलं पोकळ वाजतं. मग पाय उलटे करून बघा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि त्याखाली पिठासारखा भुसा दिसला तर लाकडाला भुंगा लागलाय. भोकं जुनी आहेत की किडा अजून आत आहे, हे ओळखायला वस्तू पांढऱ्या रुमालावर आपटा. ताजं पीठ पडलं तर नमस्कार करून निघा. कारण तो भुंगा तुमच्या घरातल्या बाकीच्या लाकडातही शिरतो.

भरीव लाकूड, प्लायवूड की पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी), हे दुकानदाराला विचारू नका, वस्तूलाच विचारा. बिजागरीचा एखादा स्क्रू सैल असतोच. तो हाताने काढा आणि भोकात टॉर्च मारा. एकावर एक थर दिसले तर प्लाय. ओल्या बिस्किटासारखा चुरा दिसला तर पार्टिकल बोर्ड. सुटा केला की याचे स्क्रू पुन्हा तितके घट्ट बसत नाहीत, आणि एकदा पाणी लागून फुगलं की ते कधीच पूर्ववत होत नाही. जुनं पार्टिकल बोर्ड फुकट मिळालं तरी मी घेत नाही. टेम्पोचे पैसे वाया जातात.

खण पूर्ण बाहेर ओढून काढा. कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींत बोटं गुंफल्यासारख्या बसवलेल्या असतील तर ते सुताराचं मनापासून केलेलं काम. नुसते बारीक खिळे मारलेले असतील तर किंमत त्या हिशेबाने द्या. आणि खणात नाक घाला. कुबट वास म्हणजे ओल, डांबरगोळ्यांचा उग्र वास म्हणजे काहीतरी झाकायचं आहे.

आता ढेकूण. माझ्या लग्नानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका घरून जुना सोफा आणला होता. हिरवा मखमली, दिसायला इतका सुरेख की मी त्याच्या प्रेमातच पडले. तिसऱ्या आठवड्यात लेकाच्या दंडावर ओळीने उठलेले लाल चट्टे दिसले. सोफा तर टाकलाच, पण तोवर ते पलंगाच्या सांध्यांत गेले होते, स्विचबोर्डाच्या मागे गेले होते. घर त्यांच्यापासून सुटायला पाच महिने लागले. ढेकूण उपाशीपोटी महिनोनमहिने जगतो, म्हणून "सहा महिने वापरात नव्हता हो" हे आश्वासन कामाचं नाही. कापडी सोफा आणि वापरलेली गादी जुनी घेऊ नये, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. लाकडी पलंग घेताना मात्र सांध्यांच्या फटीतून एटीएम कार्ड फिरवा आणि टॉर्चने बघा. काळे बारीक ठिपके, पांढुरकी टरफलं दिसली तर व्यवहार तिथेच संपला. वेताची खुर्ची, नवारीची खाट यांच्या विणीतही बघा. काही दिसलं नाही तरी आणलेला पलंग एक दिवस बाहेर ठेवून प्रत्येक सांध्यात उकळतं पाणी सोडा आणि कडक उन्हात वाळवा. हे भरीव लाकडाला आणि लोखंडाला चालतं, प्लायला नाही.

नवं घेताना

गादीवर कंजुषी नको. दुकानात बूट काढून, तुम्ही ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर निदान दहा मिनिटं पडून राहा. फोमच्या गादीला खाली सपाट फळी लागते, फटी असलेल्या खाटेवर ती खचते. पाठीला घट्ट हवं असेल तर काथ्याची गादी. आणि कापसाची गादी विसरू नका. पेठांमध्ये गादीवाले अजून समोर भरून देतात. भाव कापसाच्या किलोवर ठरतो, तेव्हा वजन समोर करून घ्या. दोन-तीन वर्षांनी कापूस पिंजून तीच गादी पुन्हा भरता येते, ही सोय दुसऱ्या कशाला नाही.

पलंग किंवा कपाट सुताराकडून करून घेणार असाल तर प्लायचा दर्जा समजून घ्या. साधा एमआर प्लाय (थोडा दमटपणा सोसणारा) कोरड्या जागी ठीक, सिंकखाली किंवा बाथरूमजवळ पाण्याला टिकणारा, आयएस ७१० शिक्क्याचा. शिक्का प्रत्येक तक्त्यावर छापलेला असतो, कापण्याआधी स्वतः बघा. कपाटाच्या बाजूंना सहा सूत प्लाय लागतो. आठ सूत म्हणजे एक इंच, या हिशेबाने पाऊण इंच. सुतार मापं सुतात बोलतो, तुम्हीही तसंच बोललात की त्याचंही बोलणं जरा बदलतं. पण भाड्याच्या घरात भिंतीला ठोकून काही करून घेऊ नका. जे करायचं ते नटबोल्टवर सुटणारं.

सुट्या भागांचं, घरी जोडायचं फर्निचर स्वस्त पडतं. त्यात जोडण्याआधी प्रत्येक सांध्याला थोडं फेव्हिकॉल लावायचा मोह होतो, तो टाळा. पुढच्या घरी नेताना सुटणार नाही.

भाड्याने फर्निचर देणाऱ्या कंपन्याही आहेत. सहा महिन्यांचं प्रोजेक्ट असेल तर जरूर घ्या. पण गुणाकार करून बघा. महिना १,२०० रुपये म्हणजे अकरा महिन्यांचे १३,२०० झाले, आणि शेवटी हातात काहीच नाही.

आणणं आणि बसवणं

वस्तूचा भाव ठरवताना "पोच किती?", म्हणजे घरपोच भाव किती, हे आधी विचारा. छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, एक पलंग, एक कपाट आणि टेबल एका फेरीत येतं, म्हणून दोन-तीन वस्तू एकाच दिवशी उचला. हमाली मजल्यावर ठरते, तर मजला, लिफ्ट आहे की नाही आणि जोडून देणार का, हे तिन्ही निघण्याआधी बोलून घ्या. सोसायटीत सामान आणायची वेळ ठरलेली असते, कुठे रविवारी बंदी असते, कुठे वेगळे पैसे भरावे लागतात. ऑफिसात फोन करून विचारलं की भर उन्हात गेटवर थांबावं लागत नाही.

घरात आणलेलं लाकूड आधी ओल्या फडक्याने पुसून सुकवा. मग पॉलिश पेपर: ८० नंबरने सुरुवात, मग १२०, शेवटी २२०, कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवे घासलेत तर ओरखडे पॉलिशखालून वर दिसतात. फटींत लांबी (पुट्टी) भरा, सुकली की पुन्हा घासा. सागाला मी बहुतेक वेळा नुसतं जवसाचं तेल लावते, फडक्याने पातळ, दोन दिवसांच्या अंतराने तीनदा. एक काळजी मात्र घ्या: तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका.

हे सगळं पावसाळ्याच्या आधी किंवा नंतर. जुलैत पॉलिश सुकत नाही, पांढरट पडतं, आणि फुगलेला खण तासून घेतलात तर दिवाळीत तो खडखडायला लागतो. पावसात कपाट भिंतीपासून तीन बोटं पुढे ठेवा, बाहेरच्या भिंतीला तर नक्कीच, आणि पायांखाली रबरी बूट घाला. फरशी पुसताना पाणी तिथूनच वर चढतं.

भाच्याचा हिशेब सांगते, म्हणजे अंदाज येईल. नवी गादी ५,५००, सोसायटीतूनच मिळालेला पाच फुटी सागवानी पलंग ४,०००, लोखंडी कपाट ४,५००, टेबल १,८००, चार नव्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या २,६००, स्टीलची मांडणी १,४००, पडदे १,९००, टेम्पो आणि हमाली दोन फेऱ्यांची २,८००, सुतार आणि पॉलिश १,५००. ते १,८०० चं टेबल एका बंद होणाऱ्या क्लासमधून आलं. वर शाईचे डाग, खाली च्युइंगगम, एक पाय लंगडा. दोन रविवार घासल्यावर साग निघाला. लंगड्या पायाला सुताराने सूतभर पाचर मारली. आता त्यावर तो जेवतो, काम करतो आणि इस्त्रीही तिथेच.

टेबल-पलंग जोडला की उरलेले बोल्ट, ॲलन पाना आणि कपाटाची दुसरी किल्ली एका झिपच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी पलंगाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने चिकटवून टाका. अकरा महिन्यांनी घर बदलताना ती तिथेच सापडेल.